टोकन देण्याआधी फाइल दाखवा

मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून सात मिनिटांच्या अंतरावर माझं छोटं ऑफिस आहे. बावीस वर्षं मी घरांचे कागद तपासते आहे. बहुतेक लोक येतात ते टोकन देऊन झाल्यावर. "मॅडम, जरा नजर टाका," म्हणतात. पण तोवर त्यांचं मन त्या घरात राहायला गेलेलं असतं. मग दोष दाखवला तरी तो ऐकवत नाही. म्हणून सांगते, वकिलाकडे जायचंच तर टोकनच्या आधी जा.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या जुन्या सोसायटीतला वन बीएचके घेणारं एक तरुण जोडपं असं वेळेवर आलं. विकणाऱ्या आजी ७४ वर्षांच्या. शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराच्या रकान्यात आजोबांच्या जागी आजींचं नाव, सोसायटीचा शिक्का, सेक्रेटरींची सही. जोडप्यातला मुलगा म्हणाला, "मॅडम, नाव आजींचंच आहे. मग अडचण काय?" मी शिक्क्याशेजारचं बारीक अक्षर दाखवलं: 'नॉमिनी'.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने नाव लावलं म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. आजोबांचं मृत्युपत्र नव्हतं, आणि मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. हिंदू वारसा कायद्याने चौघांचा सारखा वाटा, म्हणजे आजींच्या हातात घराचा पाव हिस्सा. एक मुलगी नाशिकला, दुसरी दुबईला. दुबईच्या मुलीने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं, मग हक्कसोडपत्र नोंदवलं. अडीच महिने गेले. कोणाच्याच मनात खोट नव्हती. मुलींना आपली सही लागते हेच ठाऊक नव्हतं.

पुनर्विक्रीच्या घरात आम्ही आधी करारांची साखळी पाहतो. बिल्डरने पहिल्याला विकलं, त्याने दुसऱ्याला, असं आजपर्यंत. मधला एक मूळ करार हरवला, तर ते घर पूर्वी कुठे गहाण पडलं होतं का, हा प्रश्न उभा राहतो. १० डिसेंबर १९८५ नंतरचा करार असेल, तर त्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं होतं का, तेही बघावं लागतं. मग दुय्यम निबंधक कार्यालयात साधारण तीस वर्षांचा सर्च. मुलुंड-घाटकोपरकरांसाठी ही कार्यालयं कुर्ला तालुक्याची. बोरिवली आणि अंधेरीची वेगळी. त्यानंतर वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस.

"बँकेचा वकील बघतोच की," असं अनेक जण म्हणतात. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढं बघतो. ताबा लांबला तर काय, व्यवहार मोडला तर टोकन परत कसं मिळणार, हे कलम तुमच्यासाठी तो लिहीत नाही. विकणाऱ्यालाही स्वतःचा वकील हवा. शेवटचा हप्ता खात्यात येण्याआधी किल्ली द्यायची नाही, हे करारात नेमक्या शब्दांत यावं लागतं. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. तो त्याने भरल्याचा पुरावा विकणाऱ्याने मागून घ्यावा.

दुय्यम निबंधकाकडचा सर्च कोरा निघाला म्हणून निश्चिंत होता येत नाही, हे आम्हा मुलुंडकरांना 'खाजगी वन' प्रकरणाने शिकवलं. १९५०च्या दशकात वन कायद्याखाली काही जमिनींना नोटिसा निघाल्या होत्या. १९७५च्या कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली. पुढे तिथे परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी मुद्रांक शुल्क भरून घरं घेतली. आणि कित्येक वर्षांनी जमिनीच्या उताऱ्यावर 'खाजगी वन' अशी नोंद आली. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. घर विकता येईना, त्यावर कर्ज मिळेना. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात तो निकाल फिरवला, तेव्हा मुलुंड, बोरिवलीच्या कुटुंबांनी मोकळा श्वास घेतला. घर घेतलं त्या वेळी त्यांच्या वकिलांपुढच्या उताऱ्यावर ही नोंदच नव्हती. तेव्हापासून मी इमारतीच्या कागदांइतकेच तिच्याखालच्या जमिनीचे कागद वाचते: सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं मालकी हस्तांतर, झालं आहे का.

हे सगळं खर्चिक वाटतं. पण सव्वा कोटीच्या फ्लॅटवर ६ टक्क्यांनी साडेसात लाख मुद्रांक शुल्क जातं, वर ३० हजार नोंदणी फी. कागद वाचून घेण्याचा खर्च त्यापुढे फार नसतो.

घाटकोपरच्या त्या जोडप्यातल्या मुलीला नोंदणी झाल्यावर मी एक काम सांगितलं. नव्या फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्या कागदांची यादी तिने आपल्या हाताने लिहिली: पहिला करार, इंडेक्स टू, हक्कसोडपत्र, जाहीर नोटिशीचं कात्रण. "हे कुणासाठी, मॅडम?" तिने विचारलं. "तुझ्यानंतर हे घर घेणाऱ्यासाठी," मी म्हटलं. आजींच्या घराची साखळी आता तिच्या हातात आहे.