वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची कसोटी

मुलास किंवा मुलीस वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाल्याचें वृत्त ज्या दिवशीं घरीं येतें, तो दिवस त्या कुटुंबास दिवाळीहून मोठा वाटतो. शेजारीपाजारी पेढे घेऊन जातात, दूरचे नातलग अभिनंदनाचे निरोप पाठवितात, आणि आतां डोंगर चढून झाला, पुढें सारी सपाटीच आहे, अशी सर्वांची समजूत होते. दोन-तीन महिने लोटतात. पहिल्या चांचणीचे गुण हातीं पडतात आणि त्याच घरांत एकाएकीं शांतता पसरते. शाळेंत ज्याचा क्रमांक कधीं पहिल्या तिघांखालीं गेला नाहीं, तो मुलगा शंभरांपैकीं पस्तीसांवर कसा आला? त्याची बुद्धि मंदावली, कीं त्यानें अभ्यास सोडला? बहुधा या दोहोंपैकीं कांहींच घडलेलें नसतें. घडलेलें असतें तें निराळेंच. आणि तें समजून घेणें विद्यार्थ्याइतकेंच त्याच्या वडीलधाऱ्या माणसांसही अगत्याचें आहे.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा प्रश्न आतां दूरचा राहिलेला नाहीं. पूर्वीं येथील मुलास डॉक्टर व्हावयाचें तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. आज डहाणू तालुक्यांतच सासवंद येथें वेदांता हें वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिवाय २०१३ सालापासून मुंबईची लोकलगाडी डहाणू रोड स्थानकापर्यंत येऊं लागल्यामुळें राजधानीही पुष्कळ जवळ आली आहे. राज्यांतील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या आदि शाखांच्या बहुतेक महाविद्यालयांच्या परीक्षा नाशिकचें महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ घेतें. हें विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन झालें. शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षाचा पाया बराचसा एकच असतो: शरीराची रचना, शरीराचीं कार्यें, आणि त्या कार्यांमागील रसायन. एम्. बी. बी. एस्.च्या विद्यार्थ्यास या तिन्ही विषयांत प्रत्येकीं दोन लेखी प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. व्याख्यानांस शेंकडा ७५ आणि प्रात्यक्षिकांस शेंकडा ८० उपस्थिति असल्यावांचून परीक्षेस बसतां येत नाहीं.

अभ्यास मोठा आहे हें खरें. पण पहिल्या चांचणींत जी फजिती होते तिचें मुख्य कारण अभ्यासाचा भार हें नव्हे. तें कारण असें कीं, परीक्षेची जात बदललेली असते आणि विद्यार्थ्याची रीति मात्र जुनीच राहिलेली असते. प्रवेशाची जी 'नीट' परीक्षा, तिच्यांत १८० प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें छापलेलीं असतात. खरें उत्तर डोळ्यांसमोरच असतें. तें ओळखावयाचें एवढेंच काम. दोन वर्षें मुलगा या ओळखण्याच्या विद्येंत पारंगत होतो. महाविद्यालयांत आल्यावर मात्र त्याच्यापुढें कोरा कागद येतो, आणि उत्तर मनांतून बाहेर काढावें लागतें. रस्त्यांत भेटलेला मनुष्य ओळखणें निराळें आणि घरीं बसून त्याचा चेहरा कागदावर काढणें निराळें. पहिलें ज्यास साधतें त्यास दुसरें साधेलच असें नाहीं.

एक साधें उदाहरण घ्यावें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें असतात. त्यांपैकीं गळ्याच्या खालीं, छातीपासून खांद्यापर्यंत गेलेलें आडवें हाड, ज्यास क्लॅव्हिकल म्हणतात, तें परीक्षक विद्यार्थ्याच्या हातावर ठेवितो आणि विचारतो, "हें उजवें कीं डावें?" पुस्तकांतील आकृति दहा वेळां पाहिलेला विद्यार्थी येथें गोंधळतो. ज्यानें तें हाड हातांत घेऊन स्वतःस प्रश्न विचारले आहेत, तो शांतपणें सांगतो कीं, जाडजूड टोंक छातीकडचें, चपटें टोंक खांद्याकडचें. आंतील दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढें. खोबण असलेली बाजू खालीं. म्हणून हें अमुक बाजूचें. मग परीक्षक पुढें विचारतो, "हें बहुधा कोठें मोडतें?" जेथें एक वळण संपून दुसरें सुरू होतें, तेथें तें दुबळें असतें, आणि हात टेकून पडलेल्या मनुष्याचें तें बहुधा तेथेंच मोडतें. हें उत्तर पाठांतरानें येत नाहीं. हाडाचा आकार आणि मनुष्याचें पडणें यांची सांगड मनांत घातली म्हणजे तें आपोआप सुचतें.

मनुष्य विसरतो कसा, याचा शोध शास्त्रज्ञांनीं पुष्कळ पूर्वींपासून घेतला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं असें दाखविलें कीं, शिकलेल्या गोष्टींचा विसर पहिल्या कांहीं तासांत आणि पहिल्या दिवशीं सर्वांत वेगानें पडतो. पुढें तो वेग मंदावतो. त्यानंतर २००६ सालीं रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन संशोधकांनीं एक मननीय प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस एक उतारा वाचावयास दिला. कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं तो बाजूस ठेवून जेवढें आठवलें तेवढें कोऱ्या कागदावर लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे सरस ठरले. त्यांस शेंकडा ८१ भाग आठवला, तर लिहिणारांस ७५. परंतु तीच परीक्षा आठवड्यानें घेतली, तेव्हां वाचणारांपाशीं शेंकडा ४२ भाग उरला होता आणि लिहिणारांपाशीं ५६.

या आंकड्यांतील बोध प्रत्येक विद्यार्थ्यानें टेबलासमोर लिहून ठेवण्यासारखा आहे. पुन्हांपुन्हां वाचल्यानें येतें असें वाटतें. आठवून लिहिल्यानें खरोखर येतें. रात्रभर जागून, रंगीत रेघा मारून चार वेळां वाचलेलें प्रकरण सकाळीं ओळखीचें दिसतें आणि त्या ओळखीसच विद्यार्थी ज्ञान समजतो. चांचणी ही या भ्रमाचें निरसन करते. म्हणून चांचणी म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. तें वैद्याचें नाडी पाहणें होय. अर्थात् या चांचण्यांचे गुण अगदींच निरुपयोगी असतात असें नाहीं. विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्याच्या पात्रतेसाठीं अंतर्गत मूल्यमापन धरलें जातें, तेव्हां त्यांची हेळसांड करून चालणार नाहीं. परंतु पहिल्या चांचणींत कमी पडलेल्या गुणांचा खरा उपयोग आपली रीति कोठें चुकते तें दाखविण्याचा आहे, आणि तो उपयोग ज्यानें करून घेतला त्याचें नुकसान फारसें होत नाहीं.

मग व्याख्यानें कशीं ऐकावींत? व्याख्यात्याचा प्रत्येक शब्द वहींत उतरविणारा विद्यार्थी बहुधा लेखनिक होतो, श्रोता होत नाहीं. व्याख्यानास जाण्यापूर्वीं पंधरा मिनिटें त्या प्रकरणाचे मथळे आणि आकृत्या नजरेखालून घालाव्यात, म्हणजे अनोळखी शब्दांची भीति कमी होते. व्याख्यान चालूं असतां मुख्य विचार, एखादी आकृति, आणि न समजलेल्या जागीं प्रश्नचिन्ह, एवढेंच लिहावें. त्याच सायंकाळीं वही मिटून, दिवसभरांत जें ऐकलें तें एका कागदावर आठवून मांडावें आणि मग पुस्तकाशीं ताडून पाहावें. तीच उजळणी दोन दिवसांनीं, आठवड्यानें आणि महिन्यानें करावी. शेतकरी वर्षाचा पाऊस एका दिवसांत मागत नाहीं. मागितला तर पीक वाहून जाईल. परीक्षेच्या आदल्या रात्रीं साऱ्या वर्षाचा अभ्यास करूं पाहणारा नेमकें हेंच मागत असतो. शिवाय दिवसा शिकलेलें मनांत पक्कें करण्याचें बरेंच काम झोंपेंत होत असतें; झोंप गमावून मिळविलेले चार तास हे उसने तास असून त्यांचें व्याज जबर असतें.

येथपर्यंत सांगितलेलें कोणत्याही गांवच्या विद्यार्थ्यास लागूं आहे. डहाणू-तलासरीच्या मुलामुलींपुढें मात्र आणखी एक चढण असते, आणि ती भाषेची. 'नीट' परीक्षा मराठींतून देतां येते. पण महाविद्यालयाचा दरवाजा ओलांडला कीं व्याख्यानें आणि पुस्तकें इंग्रजींत. ज्याच्या घरांत वारली बोली, शाळेंत मराठी आणि आतां इंग्रजी, त्यास एका विचारासाठीं दोन उंबरठे ओलांडावे लागतात. तो वर्गांत गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यास लोक अज्ञान समजतात. अशा विद्यार्थ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शरीरशास्त्राची परिभाषा मुळांत इंग्रजी नाहींच. ती बव्हंशीं ग्रीक आणि लॅटिन आहे, आणि इंग्रजी शाळेंतून आलेल्या मुलासही ती तितकीच परकी आहे. 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह, असे शंभर-दीडशे धातू आणि प्रत्यय एकदां आत्मसात झाले कीं हजारों शब्द आपण होऊन उलगडतात. मराठी हीच जन्मभाषा असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. परकी भाषा, परकें अन्न आणि कडाक्याची थंडी सोसून १८८६ च्या मार्चांत त्यांनीं पदवी मिळविली. भाषेची चढण कठीण असते, अशक्य नसते.

आणि ही चढण चढून जाण्यांत केवळ एका घराचें हित नाहीं. जीवरसायनाच्या वर्गांत पहिल्या वर्षीं शिकविलें जाणारें एक प्रकरण पाहावें. रक्ताला लाल रंग देणारें जें हिमोग्लोबिन, त्याच्या बीटा साखळींत १४६ अमिनो आम्लें एका ओळींत गुंफलेलीं असतात. त्यांपैकीं सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलें, एवढ्या एका बदलानें लाल पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात. हाच सिकलसेलचा आजार. त्याचें मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूंत आहे हें लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं दाखविलें. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणीं मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजांतही हा आजार आढळतो; त्याच्या निर्मूलनासाठीं केंद्र सरकारनें २०२३ च्या जुलैमध्यें राष्ट्रीय मोहीम सुरू केली. मुंबईच्या विद्यार्थ्यास 'सहाव्या जागीं व्हॅलिन' ही पाठ करण्याची एक ओळ वाटेल. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या मुलीस मात्र ती ओळ वाचतांना, वारंवार हातपाय धरून रडणारें शेजारचें मूल आठवेल. तिला ती ओळ पाठ करावी लागणार नाहीं. पुढें जेव्हां ती कांसा किंवा तलासरी येथील रुग्णालयांत बसेल, तेव्हां वारली बाईनें आपल्या बोलींत सांगितलेलें दुखणें तिला दुभाष्यावांचून कळेल, आणि वाहक म्हणजे काय हें त्या बाईसही तिच्याकडून कळेल. अशी मुलगी पहिल्याच चांचणीच्या धक्क्यानें माघारी फिरली, तर नुकसान महाविद्यालयाचें थोडें आणि पाड्याचें फार होतें.

हा धक्का सोसण्यास घरच्यांनीं कसें साह्य करावें? भाताचें रोप राबांतून उपटून चिखलांत लावलें म्हणजे चार दिवस मान टाकतें. जाणता शेतकरी तें उपटून पाहत नाहीं. बांधांत पाणी राहतें कीं नाहीं तेवढें पाहतो. घरच्यांनींही दर आठवड्यास गुण विचारूं नयेत, आणि शेजारच्या मुलाशीं तुलना तर मुळींच करूं नये. झोंप, जेवण आणि चार माणसांत मिसळणें चालू आहे ना, इकडे लक्ष द्यावें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यास चार संधी मिळतात. तेव्हां एका अपयशानें सारें आयुष्य फुकट गेलें असें मानण्यास आधार नाहीं. मुलगा बोलेनासा झाला, खोलीबाहेर पडेनासा झाला, जगण्याविषयींच निराश शब्द काढूं लागला, तर मात्र त्यास आळस किंवा नाटक समजूं नये; शिक्षकांस आणि डॉक्टरांस तत्काळ भेटावें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक अशा वेळीं रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

अभ्यासांत मदत करावयास आईबाप शिकलेले असलेच पाहिजेत असें नाहीं. सुटीस घरीं आलेल्या मुलास किंवा मुलीस आजीनें एवढेंच विचारावें, "बाळा, हृदय कसें चालतें तें मला सांग पाहूं." इंग्रजी शब्दांवांचून, आपल्या बोलींत, आजीस पटेल असें तें सांगतां आलें, तर तें खरोखर समजलें आहे असें खुशाल धरावें. सांगतांना जेथें अडखळायला होईल, तेथेंच पुस्तक पुन्हां उघडावयाचें. उद्यां रुग्णालयांतही रोगी असाच समोर बसणार आहे आणि असाच प्रश्न विचारणार आहे.