मोटारीतील रेडिओ मुका होतो तेव्हा

गेल्या आषाढातील गोष्ट. आम्ही भल्या पहाटे पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. आमची मोटार जुनी, माझ्या कैलासवासी वडीलबंधूंनी घेतलेली. तिच्यातील रेडिओही तिच्याच वयाचा. शिरवळला चहासाठी थांबलो. पुन्हा निघताना इंजिन दोनदा कण्हले, तिसऱ्या खेपेस चालू झाले. पण रेडिओ मात्र मुका झाला. त्याच्या काचेवर आकडे लखलखत होते. बटण दाबावे तर आकडा बदलेना, खुंटी फिरवावी तर आवाज येईना. किल्ली काढून पुन्हा लावली, तरी तेच. साताऱ्यास एका कारागिराने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि "हा गेला, नवा बसवा," असा निकाल देऊन टाकला.

वास्तविक तो गेला नव्हता, अडकला होता. बिघडणे आणि अडकणे यांत पुष्कळ अंतर आहे.

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ विक्रीस आणला व त्यास 'मोटोरोला' असे नाव दिले. त्या काळच्या रेडिओत काचेच्या नळ्या असत. पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि नळ्या गेल्या. तरीही खुंटी फिरवावी आणि काटा सरकावा, हा क्रम बरीच वर्षे टिकला. असा रेडिओ मोडत असे, पण अडकत नसे. आजच्या रेडिओत मायक्रोप्रोसेसर नावाचा एक चिमुकला हिशेबनीस बसलेला असतो. नेमून दिलेल्या आज्ञा तो एकामागून एक पाळत जातो. आपण बटण दाबतो तेव्हा केंद्र आपण बदलत नाही. 'केंद्र बदल' अशी विनंती आपण या हिशेबनिसाला करीत असतो.

इंजिन चालू करताना बॅटरीवर मोठा ताण पडतो. एरवी १२ व्होल्टच्या आसपास असणारा तिचा दाब त्या क्षणी बराच खाली येतो. बॅटरी अशक्त असेल तर तो इतका उतरतो की, हिशेबनिसाच्या आज्ञांची गल्लत होण्याचा संभव असतो. सतराचा पाढा म्हणणारा मुलगा मध्येच चुकून मागच्या ओळीवर जातो आणि त्याच दोन ओळी घोकत राहतो, तशी त्याची गत होते. अशा मुलाला काय सांगावे? "थांब, आणि सतरा एके सतरापासून पुन्हा म्हण." रेडिओ पूर्ववत करणे म्हणजे नेमके एवढेच.

मग किल्ली काढल्याने हे का साधत नाही? कारण रेडिओला वीज दोन वाटांनी मिळते. एक तार किल्लीच्या ताब्यात असते. दुसरी थेट बॅटरीकडून येते आणि मोटार उभी असतानाही जिवंत राहते, म्हणूनच घड्याळ चालू राहते व निवडलेली केंद्रे रेडिओच्या ध्यानात राहतात. किल्ली काढली तरी हिशेबनीस अर्धवट जागाच असतो आणि मनातल्या मनात त्याच दोन ओळी घोकत असतो. ही दुसरी तार तोडल्यावाचून त्याची घोकंपट्टी थांबत नाही.

काही रेडिओंच्या दर्शनी भागावर एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी हलकेच दाबली की काम होते. पडद्याच्या नव्या रेडिओत चालू-बंदचे बटण बराच वेळ दाबून धरावे लागते. या सोयी नसल्यास रेडिओचा फ्यूज काढून पाहावा. मात्र परत बसविताना त्यावरील अंक तोच हवा. तांबड्या फ्यूजवर १० व निळ्यावर १५ असा अँपिअरचा अंक असतो. १० च्या जागी २० चा बसविला, तर संकटकाळी फ्यूज शाबूत राहील आणि तार जळेल!

आमच्या मोटारीतील फ्यूज हाती येईना, म्हणून घरी परतल्यावर मी बॅटरीकडे वळलो. हे काम मुलांनी वडीलधाऱ्या माणसांवाचून करू नये. नव्या मोटारींत तर आधी माहितीपुस्तिका वाचावी. प्रथम किल्ली काढून खिशात ठेवावी. नंतर बॅटरीचे उणे टोक सोडवावे. अधिक टोकाला हात लावू नये. मोटारीचा लोखंडी सांगाडा उणे टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडविताना पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या पान्यातून धावू लागतो. ठिणग्या उडतात, हात पोळतो. शिवाय बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्यास स्फोटाचेही भय असते. उणे टोक सोडविले की ही वाटच बंद होते.

टोक सोडविल्यावर पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. वरचा नळ बंद केला तरी नळीतले पाणी काही वेळ ठिबकत राहते. त्याप्रमाणे रेडिओतील कंडेन्सरमध्ये थोडी वीज शिल्लक असते. ती ओसरली पाहिजे.

मी टोक पुन्हा जोडले. रेडिओ जागा झाला. पण गाण्याऐवजी त्याने काचेवर एक शब्द दाखविला : 'कोड'!

रेडिओची स्मृती दोन प्रकारची असते. एक पाटीवरच्या अक्षरांसारखी. वीज गेली की पुसली जाते. दुसरी शिलालेखासारखी, ती वीज जाऊनही राहते. अनेक मोटारींच्या रेडिओत चार अंकी गुप्त संख्या या शिलालेखात कोरलेली असते. पाटी कोरी दिसताच रेडिओस शंका येते. मालकाने बॅटरी सोडविली, की चोराने आपल्याला उपटून नेले? म्हणून तो संख्या विचारतो. चार अंकांच्या संख्या १०,००० होतात. परंतु काही चुकीच्या उत्तरांनंतर तो पुढची उत्तरे ऐकणेच थांबवितो. मी वडीलबंधूंचे जन्मवर्ष दिले, मग मोटारीचा क्रमांक दिला. आयुष्यभर मुलांना "अंदाजाने उत्तर लिहू नका," असे बजावणाऱ्या मला त्या यंत्राने तासभर ताटकळत बसविले.

तेवढ्या वेळात मी मोटारीचे सगळे कागद उपसले. देखभालीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, दादांच्या किरट्या अक्षरात चार अंक लिहिलेले सापडले. तास सरल्यावर ते दिले आणि रेडिओ बोलू लागला.

ती संख्या आता माझ्या वहीतही आहे. परंतु रेडिओला सहा बटणे होती आणि त्या सहांवर दादांनी आपल्या आवडीची केंद्रे लावून ठेविली होती. ती पाटीवरची अक्षरे, ती गेली. बॅटरी सोडविण्यापूर्वी ती टिपून घ्यावीत, हे मला सुचले नाही. पहिल्या चार बटणांवरची केंद्रे मी आठवून पुन्हा लावली आहेत. उरलेल्या दोहोंवर कोणती होती, ते घरात कोणालाच सांगता आले नाही.