स्थूलता शस्त्रक्रिया आणि सहरुग्णांचा आधार
स्थूलता शस्त्रक्रिया (बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया) ही तीव्र लठ्ठपणावरील उपचारासाठी जठराचा आकार किंवा अन्नाचा मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया होय. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला जातो. त्यामुळे यकृताचा आकार घटतो. नंतर द्रव, मऊ व घन आहार टप्प्याटप्प्याने सुरू करतात. मालवण किनाऱ्यावर आजाऱ्याला पेज देण्याची रीत आहे. परंतु पेजेत मुख्यतः पिष्ट असते आणि या रुग्णांना दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. मऊ आहाराच्या टप्प्यात काटे काढलेला उकडलेला मासा ही उणीव बरीच भरून काढतो. तळलेली सुरमई त्या काळात वर्ज्यच.

सिंधुदुर्गातील अनेक रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियांसाठी गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. गावी परतल्यावर उपचार करणारे डॉक्टर दूर राहतात. अशा वेळी आधी ही शस्त्रक्रिया झालेल्यांचा अनुभव उपयोगी पडतो: जत्रेत वा लग्नात जेवणाचा आग्रह कसा टाळावा, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होणारी केसगळती बहुधा तात्पुरती असते, इत्यादी. सतत उलट्या, ताप किंवा जलद नाडी ही मात्र जठराच्या शिवणीतून गळती होत असल्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी शल्यचिकित्सकाकडेच तातडीने जावे लागते.