सहा ठिपक्यांची पाटी

सोलापुरात अक्षरे किती तऱ्हेची नांदतात हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने शहराच्या पूर्व भागातून एकदा सावकाश पायी हिंडावे. एका दुकानाच्या फळीवर बाळबोध मराठी, शेजारच्या फळीवर तेलुगू, चार पावलांवर कानडी आणि चौक ओलांडला की उर्दू. कानडी तर या मातीचीच. तेलुगू भाषा मागांबरोबर आली, आणि ज्या पद्मशाली विणकरांनी ती आणली त्यांच्या हातांनीच या गावाचे नाव चादरीवर बसून देशभर गेले. डोळस मुलाला या चार लिपी चार वेळा गिरवाव्या लागतात. दृष्टिहीन मुलाने मात्र मराठीतला 'क' एकदा बोटाने ओळखला, की कानडीचा, तेलुगूचा आणि उर्दूतल्या काफचाही परिचय त्याला त्याच क्षणी झालेला असतो. कारण या सर्व भाषांत 'क' म्हणजे डाव्या रांगेतला पहिला आणि तिसरा, असे दोनच उठावदार ठिपके.

हे ठिपके ज्या साधनावर उमटतात ती ब्रेल पाटी पाहिली तर कोणालाही क्षुल्लक वाटावी. एक फळी, तिच्यावर कागद घट्ट धरणारी बिजागरीची दुहेरी पट्टी आणि मुठीत मावेल अशी बोथट टोकाची टोचणी. शाळांतून हिला 'स्टायलस' हेच नाव रूढ आहे. पट्टीच्या वरच्या पानाला लहान लहान चौकटी असतात आणि खालच्या पानावर प्रत्येक चौकटीखाली सहा खळगे, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत. मध्ये कागद ठेवून टोचले की खळग्यात कागद दबतो आणि पलीकडच्या बाजूस ठिपका उठतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावयाचे, आणि कागद उलटून वाचताना डावीकडून उजवीकडे यावयाचे. मुलाच्या मनात प्रत्येक अक्षराची दोन रूपे, एक टोचण्याचे आणि एक वाचण्याचे, आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे वास करतात. ज्या गावात जेकार्डच्या पत्त्यांना पाडलेल्या भोकांतून चादरीवर मोर उतरतो, त्या गावाला या विद्येचे रहस्य समजावयास वेळ लागू नये.

आपल्याच गावाचे नाव या पाटीवर लिहून पाहू. डावी रांग वरून खाली एक, दोन, तीन. उजवी रांग चार, पाच, सहा. 'स' म्हणजे दोन, तीन, चार. पुढे मात्रा आणि काना, पण ब्रेलमध्ये स्वरचिन्ह व्यंजनाच्या डोक्यावर किंवा अंगाला चिकटत नाही. ते स्वतंत्र घर घेऊन उच्चाराच्या क्रमाने मागे उभे राहते. म्हणून 'ओ' म्हणजे एक, तीन, पाच. मग 'ल' : एक, दोन, तीन, सरळ उभी ओळ. 'आ' : तीन, चार, पाच. 'प' : एक ते चार. 'ऊ' : एक, दोन, पाच, सहा. शेवटी 'र' : एक, दोन, तीन, पाच. सात घरे, चोवीस ठिपके, आणि सोलापूर बोटाखाली येते.

सर्व भाषांत एका ध्वनीला तेच ठिपके, ही एकरूपता आयती मिळालेली नाही. लुई ब्रेल याने आपली पद्धत 1829 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईत दादरला अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 साली अंधांसाठी शाळा काढली. परंतु देशात जितके प्रांत तितक्या ठिपक्यांच्या सनदा, अशी अवस्था पुढे कित्येक वर्षे होती. नीळकंठराय छत्रपतींची पद्धत निराळी, मिशनऱ्यांची निराळी, आणि एकीचे पुस्तक दुसरीच्या विद्यार्थ्याला निरुपयोगी. अखेर 1949 साली भारत सरकारने हा मामला युनेस्कोकडे नेला. न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी, जे स्वतः दृष्टिहीन होते, यांच्या मार्गदर्शनाखाली विचारविनिमय झाला, 1951 साली बैरूत येथे परिषद भरली, आणि समान ध्वनीला समान ठिपके या तत्त्वावर भारती ब्रेल मुक्रर झाली. दक्षिणेतील ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' अशा मोजक्या ध्वनींपुरती वेगळी चिन्हे राहिली. भाषावार सीमांवरून पुढे जे रणकंदन माजले ते आठवले, म्हणजे या ठरावाचे मोल अधिकच जाणवते.

आता बोलणारे मोबाइल आले, पुस्तके कानाने ऐकता येऊ लागली, मग टोचणी कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत शिकलेसवरलेले पालकही असतात. त्यांच्याशी माझा स्पष्ट मतभेद आहे. मोबाइल हवाच, त्याने अनेक दारे उघडली आहेत. पण कानाला 'सुत' आणि 'सूत' यांतला भेद कळत नाही. एक मुलगा, दुसरे मागावरचे, आणि आपल्या बोलण्यात दोन्ही एकच ऐकू येतात. बोटाला मात्र एके ठिकाणी तीन ठिपके लागतात, दुसरीकडे चार. जे मूल केवळ ऐकून शिकते त्याच्यापाशी भाषा असते, शुद्धलेखन नसते. परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ ही सवलत न्याय्यच आहे. तथापि घरी परतल्यावर हिशेबाचा आकडा, मित्राचा फोन नंबर, औषधाच्या बाटलीवरचे नाव, मनातली एखादी खाजगी गोष्ट, यांसाठी कोणता लेखनिक मिळणार? स्वतः लिहून स्वतःच वाचण्याचा जो एकांत आपण डोळस माणसे जन्मसिद्ध समजतो, तो या मुलाला पाटीच देते. नोकरीत जागा राखून ठेवण्याचा हुकूम कायद्याने काढता येतो. त्या जागेवर बसून स्वतःचे टिपण स्वतः करण्याची ताकद वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी, दुखऱ्या बोटांनीच कमवावी लागते.

एक अडचण मात्र अगदी साधी आहे. वहीचा पातळ कागद टोचताना फाटतो आणि त्यावरचा ठिपका दोन वाचनांत बसून जातो. जाड कागद महाग, आणि शिकणारे मूल तो भराभर संपविते. म्हणून सरावासाठी जुने जाड कागद चालतात, छापलेले असले तरी, कारण छपाईची शाई बोटाला लागत नाही. वर्ष सरल्यावर भिंतीवरून उतरविलेल्या दिनदर्शिकेची जाड पाने रद्दीत घालण्याऐवजी वाचकांनी जवळच्या अंधशाळेत विचारून नेऊन द्यावीत. फक्त त्यांना घड्या घालू नयेत.