निसटलेली बट

जहाजाच्या डेकवर चौदा वर्षांची राजकन्या अझुला वीज सोडण्याचा सराव करते आहे. हातांची वळणं नेमकी, पाय जागच्या जागी, केस चापूनचोपून बांधलेले. बोटांतून वीज सुटते. शेजारी बसलेल्या दोन वृद्ध जुळ्या बहिणी कौतुकानं सांगतात, जवळजवळ निर्दोष झालं, एक केस तेवढा हलला. खरंच, एक बट कपाळावर उतरलेली असते. अझुला ती मागे सारते आणि पुन्हा पवित्रा घेते. 'जवळजवळ' हा शब्द तिला चालत नाही.

त्याच भागाच्या शेवटी तिचा भाऊ झुको नदीकाठी बसून सुरीनं स्वतःची शेंडी कापतो. सुरी काका आयरोंच्या हाती देतो, तेही आपला बुचडा उतरवतात. पाणी केस वाहून नेतं. एकाच घरातली दोन मुलं: एकीला एक बट सुटलेली खपत नाही, दुसरा सगळेच केस सोडून देतो. पुढच्या दोन पर्वांत कोण मोडणार आणि कोण सावरणार, हे इथं केसांतून सांगून झालेलं असतं.

ही मालिका म्हणजे 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झको या दोघांनी ती निकेलोडियनसाठी घडवली. फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात तिचे ६१ भाग अमेरिकेत दाखवले गेले. नाव आपल्या संस्कृतातलं, अक्षरं चिनी, चित्रशैलीवर जपानी ॲनिमेची छाप, आणि बरंचसं प्रत्यक्ष ॲनिमेशन दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत झालेलं. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांची चार राष्ट्रं. त्यांतल्या अग्निराष्ट्रानं, म्हणजे अझुला आणि झुकोच्या राष्ट्रानं, शंभर वर्षं युद्ध चालवलेलं. आणि चारही तत्त्वं पेलू शकणारा अवतार, म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा. गोष्ट एवढीच. पण सुव्यवस्था आणि अनागोंदी यांचं नातं ही मालिका संवादांपेक्षा आकारांतून जास्त सांगते.

आधी हालचाली पाहा. प्रत्येक तत्त्वासाठी निर्मात्यांनी एकेक खरी चिनी युद्धकला निवडली आणि त्यासाठी सिफू किसू या प्रशिक्षकाचं मार्गदर्शन घेतलं. जलासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तर शाओलिन, वायूसाठी बाग्वाजांग. या शेवटच्या कलेचा पायाच वर्तुळात चालण्याचा आहे. म्हणून आंग वार झेलत नाही, वळसा घालून निसटतो. उलट अग्नीचा ठोसा सरळ रेषेत जातो. अग्निराष्ट्राची जहाजंही टोकदार, सैन्य रांगेत, शिरस्त्राणं एकसारखी. शिस्त तिथं ठासून भरलेली आहे आणि जग उद्ध्वस्त करतं तेही तेच राष्ट्र. शिस्त म्हणजे समतोल नव्हे, हा या मालिकेचा पहिला धडा.

समतोलाचं तिचं चित्र वेगळं आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस उत्तर ध्रुवावरच्या एका तळ्यात दोन मासे फिरताना दिसतात. पांढऱ्याच्या डोक्यावर काळा ठिपका, काळ्याच्या डोक्यावर पांढरा. एक चंद्र, दुसरा समुद्र. त्यांची नावं तुई आणि ला. चिनी भाषेत अर्थ 'ढकलणं' आणि 'ओढणं'. आपल्याकडच्या रवीला हे बरोबर कळेल. घुसळताना दोरीचं एक टोक ओढायचं तर दुसरं सैल सोडावंच लागतं. दोन्ही एकदम ताणली तर रवी जागेवर थांबते.

अग्निराष्ट्राचा सेनापती झाओ पांढरा मासा पिशवीत कोंबतो, तेव्हा चंद्र लाल होतो आणि सारा पडदा लाल. तो मासा मारतो, तेव्हा चंद्रच नाहीसा होतो आणि चित्रातला रंगही जातो. राखाडी जगात रंगीत उरते ती फक्त आग. समतोल ढळला, असं कुणी तोंडानं सांगावं लागत नाही. मग समुद्र खवळून अख्खं आरमार गिळतो. अनागोंदी बाहेरून चाल करून आलेली नाही. फिरतं वर्तुळ थांबवल्यावर ती आतूनच उसळते.

बरं, वर्तुळ म्हणजे समतोल असंही सोपं समीकरण नाही. दुसऱ्या पर्वातलं बा सिंग से हे शहर एकात एक वर्तुळांचंच आहे. पण ती वर्तुळं म्हणजे तटबंदी: बाहेर गरीब, मध्ये मध्यमवर्ग, आत श्रीमंत. शहरात युद्धाचं नावही काढायची बंदी. पाहुण्यांच्या दिमतीला असलेली जू डी एके दिवशी गायब होते आणि तिच्या जागी दुसरीच बाई येते, तेच नाव सांगते आणि तसंच ताणलेलं हसते. हे हसू मालिकेतल्या कुठल्याही राक्षसापेक्षा भीतीदायक आहे.

रंगांनाही इथं कायमचा गुण चिकटवलेला नाही. झुकोच्या तापातल्या स्वप्नात निळा ड्रॅगन अझुलाच्या आवाजात भुरळ घालतो, लाल ड्रॅगन काकांच्या आवाजात सावध करतो. तिसऱ्या पर्वात खरेच लाल आणि निळा असे दोन ड्रॅगन झुको आणि आंगभोवती गरगरत अनेक रंगांची आग फुलवतात. निळ्या आगीनं जग जाळणारी अझुला आहे, आणि शेवटी आंगचा प्रकाशही निळाच आहे.

आता पुन्हा त्या बटेकडे. राज्याभिषेकाच्या दिवशी अझुला नोकरांना, रक्षकांना, सल्लागारांना एकेक करून हाकलते. पहिली शिक्षा होते ती चेरीत राहिलेल्या एका बीपायी. मग केस विंचरायलाही कुणी उरत नाही. ती आरशासमोर स्वतःच कात्री चालवते, बटा वेड्यावाकड्या कापल्या जातात, आरशात आई दिसते आणि ब्रश काचेवर आदळतो. झुकोशी तिचं द्वंद्व होतं, तेव्हा निळी आणि नारिंगी आग एकमेकींवर आदळत असते. जेरेमी झुकरमनचं संगीत मात्र रणवाद्यांऐवजी शोकाचं असतं. अखेर साखळदंडांत जखडलेली अझुला हंबरडा फोडते आणि तोंडातून निळ्या ज्वाळा सुटतात. दोरीची दोन्ही टोकं जन्मभर ताणून धरलेल्या मुलीचा हा शेवट आहे.

याच निर्मात्यांनी पुढे 'द लेजंड ऑफ कोरा' मध्ये (२०१२ ते २०१४) हा विषय उघडच घेतला. त्यात दोन आत्मे आहेत. रावा म्हणजे प्रकाश आणि शांती, रंग पांढरा. वातू म्हणजे अंधार आणि अनागोंदी, रंग काळा-तांबडा. २०१३ सालचे पहिल्या अवताराच्या उगमाचे दोन भाग जुन्या शाईचित्रांच्या, काष्ठमुद्रांच्या वळणाचे आहेत आणि दिसायला अप्रतिम आहेत. एकाचा पराभव झाला तरी तो दुसऱ्याच्या पोटात पुन्हा वाढतो, असं तिथं सांगितलंही जातं. पण दिसतो तो देव आणि दैत्य यांचा सामना. माशांच्या डोक्यावरचे ठिपके इथं हरवले आहेत. पुढच्या पर्वांत मालिका सावरते: सगळी सत्ता उलथू पाहणारा झहीर आधी येतो आणि त्यानं केलेल्या पोकळीतूनच गणवेशातली कुविरा उभी राहते. अतिरेक अतिरेकाला जन्म देतो, हे त्या दोघांच्या क्रमातून जेवढं कळतं तेवढं वातूच्या अक्राळविक्राळ देहातून कळत नाही.

माझ्या मते दोन्ही मालिकांतलं अनागोंदीचं सर्वांत नेमकं चित्र म्हणजे ती बट. दिवाळीच्या सुटीत घरातली मुलं 'अवतार' लावून बसली, तर शेजारी बसा. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग पाहा, मग थेट अखेरच्या चार भागांतला तिसरा. लढाया मुलं बघतीलच. तुम्ही केसांकडे लक्ष ठेवा.