टाका घालताना मेंदूत काय घडतं?

केमोथेरपीचं सलाईन तासन्‌तास चालतं. अशा वेळी एखादी बाई क्रोशा घेऊन बसली, की घरच्यांना वाटतं, चला, तेवढाच वेळ जातो. पण त्या विणण्यामागे विज्ञानही आहे.

आजारपणातली भीती चित्रांच्या रूपात छळते. आयसीयूचं दार, रिपोर्ट वाचतानाचा डॉक्टरांचा चेहरा. ही चित्रं मनात उभी राहायला कार्यकारी स्मृती, म्हणजे आत्ता हवं ते मनात धरून ठेवणारी स्मृती, लागते आणि तिच्यात जागा फार थोडी असते. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांनी निरोगी स्वयंसेवकांना भीषण दृश्यं दाखवून अर्ध्या तासाने काहींना टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात ती दृश्यं त्यांना कमी वेळा आठवली; खेळाने ती थोडकी जागा अडवली, असं त्यांचं स्पष्टीकरण. हा प्रयोग २००९ सालचा. दोन सुलट, दोन उलट विणतानाही नजर आणि बोटं नक्षीतच अडकतात. तिथेही हेच घडत असावं, असा माझा कयास आहे.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंग, कागद हाताळायला दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, घटलं. कलेची सवय नसलेल्यांचंही घटलं. २०१६ सालच्या या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ही घट कलेमुळेच झाली, असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि हस्तकलेने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं, तर मुळीच ऐकू नये.

शोकात मात्र सुई-दोरा फार खोल जातो. सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली एड्सने गेलेल्यांसाठी गोधडी सुरू झाली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण थडग्याएवढा. त्यात गेलेल्याचा शर्ट, जीन्स शिवलेली असे. ज्यांचे अंत्यसंस्कार करायलाही लोक कचरत होते, त्यांची नावं त्याच ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानात १,९२० तुकड्यांवर अंथरली गेली. सासूच्या, आईच्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. धावदोरा घालता घालता गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, डोळे भरतात, मग कुणीतरी कात्री मागतं. श्ट्रोबे आणि शुट या संशोधकांनी १९९९ साली हेच मांडलं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत सावरतो.

केमोत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स उतरल्या असतील, तर टोकदार सुईबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. बोटं बधिर झाली असतील, तर जाड क्रोशा आणि जाड लोकर बरी पडते. थकवा असेल त्या दिवशी चार टाक्यांवर थांबलं तरी चालतं.