वृद्धशुश्रूषागृहांतील अन्नसाठवण आणि तारीखपट्टीचे महत्त्व : अमेरिकेच्या संदर्भात

प्रस्तावना

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे लहान खाजगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र हे नाव दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असलेल्या, प्रामुख्याने वृद्ध व्यक्तींच्या निवासी संस्थेस आहे. तेथील निवासी दररोजच्या आहारासाठी एकाच स्वयंपाकघरावर अवलंबून असतात. त्यांपैकी अनेकांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण असल्याने साठवणीतील किरकोळ चूकही जिवावर बेतू शकते. प्रस्तुत लेखात या स्वयंपाकघरांतील तारीखपट्टीचे कार्य स्पष्ट केले आहे.

फ्रिजची मर्यादा

फ्रिजमध्ये ठेवलेले अन्न सुरक्षितच असते, हा समज अपुरा आहे. थंडीमुळे जिवाणूंची वाढ मंदावते. ते नष्ट होत नाहीत. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जिवाणू तर फ्रिजच्या तापमानातही सावकाश वाढतो आणि अन्नाचा वास, रंग वा चव बदलेलच असे नाही. म्हणून तापमानाबरोबर काळही मोजावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेनुसार नाशवंत तयार अन्न ५ अंश सेल्सियस वा त्याखाली ठेवावे. ते २४ तासांहून अधिक ठेवायचे असल्यास त्यावर तारीख घालावी व तयार केल्याचा दिवस पहिला धरून ७ दिवसांत संपवावे. सोमवारी केलेला पदार्थ रविवारनंतर वाढता येत नाही. गोठवल्यास ही मोजणी थांबते. ती नव्याने सुरू होत नाही.

पट्टीची दुहेरी उपयुक्तता

स्वयंपाकघरात पाळ्या बदलतात. अन्न ठेवणारा व काढणारा निराळा असतो. अशा वेळी पट्टी हाच दोघांमधील दुवा ठरतो. नातेवाइकांनी घरून आणलेल्या डब्यालाही हेच लागू पडते. २०१६ मध्ये सुधारलेल्या संघीय नियमांनुसार अशा अन्नाच्या साठवणीविषयी प्रत्येक संस्थेचे धोरण असणे आवश्यक आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गोठवलेल्या पोषक पेयांशी संबंधित लिस्टेरियाचा उद्रेक जाहीर झाला. तोपर्यंत ३८ बाधितांची व १२ मृत्यूंची नोंद झाली होती. बाधितांपैकी बहुतेक जण रुग्णालयांत वा शुश्रूषासंस्थांत राहणारे होते. कारखान्यातील दूषितीकरण स्वयंपाकघरातील पट्टीने टळत नाही. परंतु मूळ वेष्टनावरील उत्पादकाचे नाव व गट क्रमांक जपलेला असल्यास परत मागविलेला माल तत्काळ बाजूला काढता येतो.

निष्कर्ष

तापमानाची नोंद व तारीखपट्टी ही केवळ तपासणीसाठी करावयाची औपचारिकता नव्हे. समोर आलेले ताट निमूटपणे स्वीकारणाऱ्या वृद्धाच्या वतीने कोणीतरी घेतलेली ती दक्षता होय. पट्टी नसलेले अन्न संशयास्पद मानून टाकून देणे, हाच त्यातील सुरक्षित नियम ठरतो.